पाणमांजराच्या पाठीवरचा माणूस: अलास्काच्या किनाऱ्यावरचे कोरीव ताईत

शुक्रवार, बेलिंगहॅम

अलास्काला जाणारी सरकारी फेरीबोट वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमच्या बंदरातून संध्याकाळी सुटते आणि अलास्कातल्या केचिकनला रविवारी सकाळी पोचवते. क्रूझची मोठी जहाजं याच पाण्यातून जातात, पण ती एका गावात चार-सहा तासच थांबतात. मला गावागावात उतरून संग्रहालयं निवांत बघायची होती, म्हणून ही बोट. मागच्या डेकवर काही तरुण मुलं चक्क तंबू ठोकत होती. वारा तंबू उडवून नेऊ नये म्हणून ती दोऱ्या लोखंडी डेकला चिकटपट्टीने डकवत होती. मावशी ते बघत बराच वेळ उभी राहिली.

मावशी रत्नागिरीची. पस्तीसेक वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून राबली आणि निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे सिएटलला राहायला आली. "तू जाशील तिथे मी येईन, पण काय बघायचंय ते आधी सांग," ही तिची अट होती.

मला बघायचे होते ताईत. अलास्काचा आग्नेय किनारा आणि त्याला लागून असलेला कॅनडाचा किनारा हा त्लिंगित, हायडा आणि सिम्शियन लोकांचा मुलूख. त्यांचे टोटेम खांब, म्हणजे कुळांची चिन्हं कोरलेले उंच लाकडी खांब, सगळ्या जगाला माहीत आहेत. पण याच लोकांनी बोटाएवढ्या, फार तर तळहाताएवढ्या वस्तूंमध्ये जे कोरलं आहे ते मला खांबांहून थोर वाटतं. वॉलरसच्या सुळ्यात, स्पर्म व्हेलच्या दातात, अस्वलाच्या दातात, हरणाच्या शिंगात कोरलेले प्राणी. एका प्राण्याच्या पोटात दुसरा, त्याच्या शेपटीत तिसऱ्याचा चेहरा आणि या सगळ्यांत कुठेतरी एक छोटा माणूस. गेली काही वर्षं मी त्यांची चित्रं बघते आहे, त्यांच्याबद्दल वाचते आहे. आता ती जिथे घडली तो किनारा बघायचा होता.

शनिवार, बोटीवर

दिवसभर डावीकडे व्हँकुव्हर बेट आणि उजवीकडे कॅनडाची मुख्य भूमी. दोन्हीकडे पाण्यापर्यंत उतरलेलं रान. बेटांची रांग संपून क्वीन शार्लट साउंडचा उघडा समुद्र लागला तेव्हा बोट तासभर चांगलीच डुलली. मग पुन्हा अरुंद पाणी, पुन्हा धुकं.

डेकवरच्या काचेच्या छपराखाली, गरम दिव्यांच्या उबेला बसून मी मावशीला ताइतांचं सांगत होते. पहिली गोष्ट ही, की हे ताईत कुणीही गळ्यात घालायचे नसत. ते शामनचे असत. शामन म्हणजे आजाऱ्याला बरं करणारा, हरवलेल्याचा ठाव सांगणारा, हवामान आणि शिकार यांचा अंदाज देणारा माणूस. कधी बाईसुद्धा. त्लिंगित भाषेत त्याला 'इख्त' म्हणतात. बहुतेक वेळा आधीचा शामन वारला की त्याच्या भाच्याकडे ही विद्या येई, कारण तिथे कुळ आईकडून चालतं. नव्या शामनने रानात जाऊन उपास करायचा. त्या काळात एखादा प्राणी त्याच्यासमोर येऊन मरून पडे. मग त्याची जीभ कापून घ्यायची आणि गवता-सालीच्या पुडीत बांधून जपायची. त्या जिभेतून प्राण्याची ताकद शामनकडे येते, अशी श्रद्धा. कोरीवकामात इतक्या वेळा बाहेर आलेली लांब जीभ दिसते, एका प्राण्याची जीभ दुसऱ्याच्या किंवा माणसाच्या तोंडाला लागलेली दिसते, त्याच्या मागे हे आहे.

"आणि पेशंटला काय करायचे?" मावशीने विचारलं. तिला कामाची बाजू आधी कळायला हवी असते.

पेशंटच्या घरी रात्री सगळे जमत. मदतनीस ढोल आणि फळ्या वाजवत, कुळातले लोक गात. शामन एकेक मुखवटा चढवी आणि त्या त्या मुखवट्याचा साहाय्यक आत्मा त्याच्यात येई. त्याच्या गळ्यात आणि अंगरख्यावर ताईत लटकवलेले असत. तो हलला की ते एकमेकांवर आपटत आणि तो आवाजसुद्धा उपचाराचा भाग असे. त्यातला एखादा ताईत दुखऱ्या जागी ठेवायचा, किंवा पेशंटजवळ ठेवून जायचा.

मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रात्रपाळीला मी कितीदा नुसता हात धरून बसलेय गो. तेवढ्यानेही माणूस झोपतो."

अंधार पडता पडता आम्ही सिम्शियन लोकांच्या किनाऱ्याजवळ येत होतो, म्हणून त्यांच्या एका खास वस्तूबद्दल सांगितलं. तिला 'आत्मा धरणारी नळी' म्हणता येईल. अस्वलाच्या मांडीचं पोकळ हाड घ्यायचं. दोन्ही टोकांना जबडा वासलेल्या प्राण्याचं डोकं कोरायचं, मध्ये बहुधा माणसाचा चेहरा, डोळ्यांत आणि दातांत ॲबलोनी शिंपल्याचे निळे-हिरवे तुकडे बसवायचे. माणूस आजारी पडतो कारण त्याचा आत्मा अंग सोडून भटकायला गेलेला असतो. शामन तो शोधून या नळीत घेई, दोन्ही तोंडं सीडर या झाडाच्या सालीने बंद करी आणि परत आणून पेशंटच्या अंगात सोडी. दोन्ही टोकांना तोंडं का, ते एकदा हे काम कळलं की वेगळं सांगावं लागत नाही. आत घ्यायला एक, बाहेर सोडायला एक.

रविवार, केचिकन

पाऊस. इथे वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडतो आणि लोक छत्री न घेता फिरतात. कोकणातल्या माणसाला पावसाचं काय, म्हणून मावशीही तशीच निघाली.

टोटेम हेरिटेज सेंटर 1976 मध्ये सुरू झालं. ओस पडलेल्या त्लिंगित आणि हायडा गावांतून आणलेले एकोणिसाव्या शतकातले खांब इथे आहेत. त्यांना रंग दिलेला नाही, झिजलेले भाग पुन्हा कोरलेले नाहीत. मला हे फार पटलं. भेगांमध्ये शेवाळाच्या जुन्या खुणा दिसतात, पण डोळ्यांची ती लांबट गोल चौकट, कडेने जाड होत जाणारी आणि टोकाला निमुळती होणारी रेघ शाबूत आहे. हीच रेघ ताइतावरही असते. दहा मीटरच्या खांबावर आणि दहा सेंटिमीटरच्या सुळ्यावर कलाकार एकाच व्याकरणाने काम करतो.

पण या दोन्हींतला फरक इथे उभं राहिल्यावर नीट कळला. खांबावरचे डोमकावळा, गरुड, लांडगा, ऑर्का (किलर व्हेल) ही कुळांची चिन्हं. ती कुळाच्या मालकीची, आणि दुसऱ्या कुळाने ती वापरणं म्हणजे चोरी. ती उघड्यावर, सगळ्यांनी बघावीत म्हणून उभी केलेली. ताइतावर जे प्राणी येतात ते बहुतेक वेगळेच. पाणमांजर, ऑक्टोपस, शिंपले फोडून खाणारा कालवफोड्या पक्षी, डोंगरी बकरी, सामन मासा. आणि ते सगळ्या गावाला दाखवण्यासाठी नव्हते.

दुपारी बंदराजवळच्या दुकानांच्या रांगेतून गेलो. क्रूझमधून उतरलेली गर्दी होती. काचेत छोटे खांब, 'अस्सल' म्हणून लावलेली नक्षी. इथल्या काही दुकानदारांवर फिलिपिन्समध्ये बनवलेल्या वस्तू अलास्काच्या आदिवासी कलाकारांच्या म्हणून विकल्याबद्दल खटले होऊन शिक्षा झाल्या आहेत. 1990 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. एका लहानशा किनाऱ्यावर आठवड्याला हजारो पाहुणे उतरत असतील, तर कोरणाऱ्या हातांचं रक्षण करायला कायदाच लागतो. घ्यायचं तर 'सिल्व्हर हँड' ही राज्य सरकारची खूण बघून घ्यावं. ती फक्त अलास्काच्या आदिवासी कलाकारांना मिळते.

केचिकनच्या दक्षिणेला ॲनेट बेटावर मेटलाकाटला हे सिम्शियन गाव आहे. 1887 मध्ये विल्यम डंकन या मिशनऱ्याबरोबर शेकडो सिम्शियन माणसं कॅनडातून तिथे येऊन वसली. त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला होता आणि शामनची विद्या मागे सोडली होती. आत्मा धरणाऱ्या नळ्या संग्रहालयांत एवढ्या का पोचल्या, याचं अर्धं उत्तर या अशा गावांत आहे. उरलेलं अर्धं पुढे येईल.

सोमवार, रँगल

ओहोटीची वेळ साधून किनाऱ्यावरचे कोरीव दगड पाहिले. चाळीसएक दगडांवर चेहरे, सर्पिल वर्तुळं, एक सुंदर ऑर्का. भरतीला यातले बरेच पाण्याखाली जातात. मूळ दगडांवर कागद ठेवून घासायचं नाही, त्यासाठी वर लाकडी चौथऱ्यावर प्रतिकृती ठेवल्या आहेत. रात्री बोट रँगल नॅरोज या चिंचोळ्या पाण्यातून गेली. दोन्ही बाजूंना लाल-हिरव्या दिव्यांची रांग आणि मधून वळत वळत जाणारी बोट. वाटेतलं पीटर्सबर्ग गाव आम्ही झोपेत असताना मागे पडलं.

मंगळवार, जुनो

राजधानी असून या शहराला बाहेरून येणारा रस्ता नाही. विमान किंवा बोट. डोंगर थेट घरांच्या मागून चढतात.

आधी वॉल्टर सोबोलेफ बिल्डिंग. 2015 मध्ये उघडलेली ही इमारत सीलास्का हेरिटेज इन्स्टिट्यूटची, म्हणजे इथल्या लोकांच्या स्वतःच्या संस्थेची. आत कुळाचं घर बांधलं आहे. त्याचा लाकडी दर्शनी भाग डेव्हिड बॉक्सली या सिम्शियन कलाकाराने मुलाबरोबर केलेला, आतला मोठा काचेचा पडदा प्रेस्टन सिंगलटरी या त्लिंगित कलाकाराचा, आणि इमारतीच्या बाहेरचे लाल धातूचे पत्रे रॉबर्ट डेव्हिडसन या हायडा कलाकाराचे. तिन्ही लोकांची एकेक कृती. सिंगलटरी काचेत काम करतो. फुगवलेल्या काचेवर वाळूच्या माऱ्याने तीच जुनी रेघ कोरतो. उजेड मागून आला की आकृती आतून पेटते. हाड आणि सुळा यांच्या जागी काच आली तरी कला जिवंत आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर मला त्या पडद्यासमोर मिळालं.

मग राज्याचं संग्रहालय, 2016 मध्ये नव्या इमारतीत आलेलं. इथे दोन तास कमी पडले. मावशीला सगळ्यात आवडला तो चिलकट ब्लँकेटचा विभाग. डोंगरी बकरीची लोकर आणि सीडरची साल यांची ती घोंगडी विणायला वर्ष वर्ष लागे. मी मात्र कोपऱ्यातल्या खुळखुळ्यांपाशी थांबले. कालवफोड्याच्या आकाराचा खुळखुळा शामनच्या हातात असे. लांब चोच, ताणलेली मान, आणि पाठीवर डोंगरी बकरी, ऑक्टोपसचे पाय, माणसाची आकृती यांची गर्दी. एवढ्याशा पाठीवर कलाकाराने जे बसवलंय त्याला एक चूकही परवडली नसती.

बुधवार, सिटकाच्या वाटेवर

चॅथम सामुद्रधुनीत ॲडमिरल्टी बेटाची किनार दिसत होती तेव्हा मी मावशीला अँगूनची हकिकत सांगितली. ताइतांची गोष्ट ती सांगितल्याशिवाय पुरी होत नाही.

1882 च्या ऑक्टोबरात एका व्यापारी कंपनीच्या व्हेल मारण्याच्या बोटीवर हार्पूनच्या, म्हणजे दोरी बांधलेला भाला फेकणाऱ्या, बंदुकीचा स्फोट झाला आणि अँगूनचा एक त्लिंगित माणूस गेला. तो शामन होता. त्यांच्या रीतीप्रमाणे लोकांनी भरपाई मागितली, 200 घोंगड्या. कंपनीने नौदलाला बोलावलं. नौदलाच्या अधिकाऱ्याने उलट गावावरच 400 घोंगड्यांचा दंड ठोकला आणि तो पुरता आला नाही म्हणून 26 ऑक्टोबरला गावावर तोफा डागल्या. घरं जाळली, हिवाळ्याचा अन्नसाठा जाळला, होड्या फोडल्या. सहा मुलं धुराने गुदमरून मेली. एक होडी वाचली. तिच्या नाळेवर लाकडात कोरलेला बीव्हर, म्हणजे नदीत बांध घालणारा प्राणी, बसवला होता. त्या एका होडीने त्या हिवाळ्यात गावासाठी अन्न आणि लाकूड आणलं. पुढे ती होडी निकामी झाली, पण बीव्हर जपून ठेवला होता. मग तोही कुठेतरी नाहीसा झाला. 1999 मध्ये अँगूनचे वडीलधारे न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या कोठारात गेले असताना तो त्यांना फळीवर दिसला. त्यांनी ओळखला. त्याच वर्षी तो घरी आला. नौदलाने माफी मागितली ती 26 ऑक्टोबर 2024 ला, अँगूनमध्ये जाऊन.

"सहा पोरं," मावशी म्हणाली. बाकी काही बोलली नाही.

पेरिल सामुद्रधुनीत बोट भरतीचा अंदाज घेऊनच शिरते. अलास्का तेव्हा रशियनांच्या ताब्यात होतं. 1799 मध्ये इथे विषारी शिंपले खाऊन त्यांच्याबरोबरचे शंभराहून जास्त अल्युट, म्हणजे अलास्कातल्या बेटांवरचे आदिवासी, शिकारी मेले, तेव्हापासून हे नाव. अरुंद भागात पाणी नदीसारखं वाहत होतं.

गुरुवार, सिटका

आज ज्यासाठी आलो ते. शेल्डन जॅक्सन म्युझियम ही आठ कोनांची छोटी इमारत 1890 च्या दशकातली, अलास्कातली पहिली काँक्रीटची इमारत म्हणून ओळखली जाते. शेल्डन जॅक्सन हा मिशनरी 1885 पासून अलास्काच्या शिक्षणाचा सरकारी प्रमुख होता. सरकारी जहाजातून तो आर्क्टिक किनाऱ्यावरच्या गावांपर्यंत फिरला आणि जाईल तिथून वस्तू गोळा केल्या. त्याच्या शाळांमध्ये मुलांना मातृभाषा बोलू देत नसत. आणि त्याच माणसाने, त्या मुलांच्या आजोबांनी काय घडवलं होतं ते पुढच्यांना दिसावं म्हणून ही इमारत उभारली. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकत्रच सांगावं लागतं.

इथली गंमत म्हणजे काचेच्या कपाटांखालचे खण. ते आपण स्वतः ओढून उघडायचे. एका खणात कातडं कमावण्याची हत्यारं, दुसऱ्यात बाहुल्या, तिसऱ्यात सुळ्याचे बोटभर प्राणी. मावशी खुर्ची न घेता एकामागून एक खण उघडत गेली.

उत्तरेकडच्या युपिक आणि इन्युपियाक लोकांच्या वस्तू आधी पाहिल्या. त्यांचे कोरीव प्राणी शिकारीच्या सामानातच गुंफलेले. हार्पूनच्या दोरीची खुंटी सीलच्या आकाराची, कायाक या कातडी होडीच्या पट्ट्याची गुंडी वॉलरसच्या डोक्याची. व्हेलच्या शिकारीला जाणाऱ्या होडीत नायकाकडे व्हेलच्या आकाराचं लाकडी खोकं असे, त्यात हार्पूनची दगडी पाती ठेवायची. युपिक शिकारी म्हणत की सील स्वतःहून माणसाकडे येतो, आणि सुंदर हत्यार बघून त्याला आनंद होतो. म्हणून हत्यार सुंदर करायचं. मारलेल्या सीलचा आत्मा त्याच्या मूत्राशयात राहतो. वर्षभर ती मूत्राशयं जपायची, हिवाळ्याच्या सणात फुगवून रंगवायची, त्यांना गाणी ऐकवायची आणि शेवटी बर्फाला भोक पाडून समुद्रात परत सोडायची, म्हणजे पुढच्या वर्षी सील पुन्हा येतात.

मग त्लिंगित कपाट. तिथे तो ताईत होता, पिवळसर झालेल्या सुळ्यातला, माझ्या करंगळीहून थोडा लांब. पाणमांजर आडवं पसरलेलं, डोकं वर केलेलं. पाठीवर एक माणूस पालथा, त्याचे गुडघे पोटाशी घेतलेले. शेपटीकडे गोल गोल खळ्यांची रांग, ती ऑक्टोपसच्या पायावरच्या चूषकांची खूण. आडव्या पसरलेल्या कडेला दोन भोकं, दोरा ओवायला. भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. बरीच वर्षं कुणाच्या तरी अंगावर हलत राहिल्याशिवाय त्या तशा होत नाहीत.

त्लिंगित लोकांना पाणमांजराची भीती वाटे. समुद्रात बुडालेला किंवा रानात चुकलेला माणूस त्यांच्या ताब्यात जातो आणि हळूहळू पाणमांजर-माणूस होतो, असं ते मानत. साधा माणूस त्याच्या वाटेला जात नसे. आणि शामनची सगळ्यात मोठी ताकद याच प्राण्याकडून यायची. बघत राहिले तसं माझ्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. पाणमांजर जमिनीवर राहतं आणि पाण्यात शिकार करतं. कालवफोड्या भरती-ओहोटीच्या मधल्या खडकांवर जगतो आणि संकट आलं की आधी तोच ओरडतो. ऑक्टोपस खडकाचा रंग घेतो आणि कधी पाण्याबाहेरही सरकतो. सामन समुद्रातून नदीत येतो. डोंगरी बकरी कड्याच्या अशा टोकावर चालते जिथे दुसरं कुणी जात नाही. हे सगळे उंबरठ्यावरचे प्राणी आहेत. शामनचं कामही तेच, जिवंत आणि मेलेले यांच्यामधून जाऊन परत येणं. ताइतावर प्राणी कसा निवडला जाई याचं उत्तर मला या किनाऱ्याकडे बघून मिळालं, कारण इथे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हे दिवसातून चारदा बदलतं.

आता या वस्तू संग्रहालयांत का पोचल्या, त्याचं उरलेलं अर्धं उत्तर. त्लिंगित लोक बाकीच्यांचं दहन करत, पण शामनचं नाही. त्याचं शरीर गावापासून दूर, समुद्रात शिरलेल्या एखाद्या टोकावर छोट्या लाकडी घरात ठेवत आणि त्याचं काही सामान त्याच्याजवळ. लोक तिथे जात नसत. 1836 च्या देवीच्या साथीत शामनांचे उपाय चालले नाहीत आणि रशियनांची लस चालली, तेव्हा पहिला धक्का बसला. 1880 च्या दशकात अमेरिकन नौदलाचे अधिकारी शामनांना पकडून त्यांचे केस कापू लागले. शामन कधी केस कापत नसे, कारण ताकद केसांत. एका कात्रीत त्याचं सगळं संपवता येत होतं. शामनने ज्याला चेटक्या ठरवलं त्याचे फार हाल होत, हेही खरं, आणि अधिकारी तेच कारण पुढे करत. त्याच काळात जॉर्ज थॉर्नटन एमन्स हा नौदलाचा लेफ्टनंट इथे होता. त्याने हजारो वस्तू जमवून न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाला विकल्या. त्यात शामनच्या कबरीतलं सामान भरपूर. एमन्सने कोणती वस्तू कुठल्या गावच्या, कुठल्या शामनची, हे बारकाईने लिहून ठेवलं. आज वंशज त्याच नोंदी वापरून आपल्या वस्तू परत मागतात.

परत मागण्याचा कायदाही 1990 चाच, पण विक्रीच्या कायद्याहून वेगळा. जानेवारी 2024 पासून नियम आणखी कडक झाले आणि अशा पवित्र वस्तू मांडण्याआधी त्या त्या लोकांची संमती घेणं संग्रहालयांना बंधनकारक झालं. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने तेव्हा दोन मोठी दालनं बंद केली. मी ताइताचा फोटो काढला नाही. कुणी अडवलं म्हणून नाही. ज्याच्यासाठी तो केला त्या माणसाशेजारी, एका निर्जन टोकावर तो ठेवलेला होता, हे कळल्यावर तो माझ्या फोनमध्ये असणं मला बरोबर वाटलं नाही.

शुक्रवार, सिटका

सकाळी राष्ट्रीय उद्यानातल्या वाटेने चाललो. 1904 च्या सेंट लुइसच्या प्रदर्शनासाठी गोळा केलेले खांब नंतर इथे आले. आता झाडांमध्ये बहुतेक त्यांच्या नव्या प्रती उभ्या आहेत. वाटेच्या कडेला डेव्हिल्स क्लबची रोपं, परातीएवढी पानं आणि देठापासून खाली सगळे काटे. हे इथलं मोठं औषध. शामन उपासात याचा काढा घेत, आणि अजूनही लोक याची साल मलमात वापरतात. मावशीने चार बाजूंनी निरखून त्याचे फोटो काढले.

इंडियन नदीत गुलाबी सामन माशांची झुंबड होती, पाणी जागोजागी उकळल्यासारखं हलत होतं. इथल्या किक्सआदी कुळाच्या परंपरेत एक कथा सांगतात. एका मुलाने भूक लागलेली असताना बुरशी आलेला सामनचा तुकडा फेकून दिला. सामन लोकांनी त्याला समुद्रात नेलं आणि तो त्यांच्यात वाढला. पुढच्या मोसमात तो मासा होऊन नदीत आला. त्याच्या आईने मासा कापायला घेतला तर गळ्यात मुलाची तांब्याची माळ. मग तो मुलगा पुन्हा माणूस झाला आणि मोठा शामन झाला. सुळ्यात कोरलेल्या सामनच्या पोटात माणूस दिसतो तेव्हा ही कथा मनात ठेवून बघावं.

उद्यानाच्या टोकाला, ओहोटीच्या खडकांवर दोन पक्षी शिंपले फोडत होते. अंगाने काळे, चोच गाजरासारखी. मावशी थांबली. "अगो, हा आपल्याकडे थंडीत पुळणीवर येतो ना? पण आपला पोटाकडे पांढरा असतो." तिचं बरोबर होतं. कोकणात हिवाळ्यात येतो तो कालवफोड्या काळा-पांढरा, आणि हा उत्तर पॅसिफिकचा काळा. आम्ही दोन पावलं पुढे टाकली आणि त्यांनी असा कर्कश आवाज लावला की पलीकडचे बगळेही उठले.

दुपारी म्युझियममध्ये एक त्लिंगित कलाकार प्रात्यक्षिक देत होते. उन्हाळ्यात आदिवासी कलाकारांना असं बोलावतात. ते चांदीच्या पट्टीवर डोमकावळा कोरत होते. मी विचारलं, शामनचे ताईत करता का? ते म्हणाले, नाचासाठी खुळखुळे करतो, चमचे करतो, बांगड्या करतो, पण ते नाही. ते काम ज्याला बोलावणं येतं त्याच्यासाठीच होत असे, विकायला कसं करायचं? कुळाकडे परत आलेल्या वस्तूंबद्दल त्यांनी इतकंच सांगितलं की काही समारंभात बाहेर येतात, काही संग्रहालयात सांभाळायला दिल्या जातात, आणि काही कुणालाच दाखवत नाहीत. सुळ्याच्या कामाविषयीही बोलले. समुद्री सस्तन प्राण्यांच्या रक्षणाच्या 1972 च्या कायद्याने वॉलरसचा सुळा कोरून विकण्याचा हक्क अलास्काच्या आदिवासींनाच आहे आणि परवान्याशिवाय तो देशाबाहेर नेता येत नाही. मावशीने चांदीची अरुंद बांगडी घेतली, ऑर्काची.

मग तिने तिच्या मनातला प्रश्न विचारला, मी इंग्रजी करून सांगितला. आता इथले लोक आजारी पडले की कुठे जातात? त्यांनी हातातलं अवजार ठेवलं, खिडकीपाशी नेऊन पुलापलीकडच्या बेटाची दिशा दाखवली आणि सांगितलं की तिकडे माउंट एजकम मेडिकल सेंटर हे हॉस्पिटल आहे. ते चालवते ती आग्नेय अलास्काच्या आदिवासी जमातींची स्वतःची आरोग्यसंस्था, 1975 मध्ये स्थापन झालेली. "म्हणजे यांचा दवाखाना यांच्याच हातात," मावशी म्हणाली आणि तो बघितल्याशिवाय परत जायचं नाही असं तिने ठरवलं. बोटीला वेळ होता. आम्ही पूल ओलांडून गेलो, आणि दारातल्या नर्सशी मावशीचा अर्धा तास इतका रंगला की दुभाष्याचं काम मला जेमतेमच करावं लागलं.